कापसाचा धडा हाताने शिकवावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली की शाळांच्या सहली ठरू लागतात. नाशिक शहरातील मुले द्राक्षबागा पाहतात, धरणे पाहतात. परंतु आपल्याच जिल्ह्यात मालेगाव, नांदगाव, येवला या तालुक्यांत पिकणारा कापूस आणि मालेगावचे यंत्रमाग त्यांच्या वाट्याला क्वचितच येतात. वर्गातही कापूस तुकड्यातुकड्यांनीच भेटतो. भूगोलात काळी माती, इतिहासात १८५४ साली मुंबईत स्थापन झालेली कापडगिरणी, विज्ञानात सेल्युलोज. पण बोंडापासून सदऱ्यापर्यंतची वाट सलग कोणी दाखवत नाही.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीच्या घरून आणलेला किलोभर कापूस नववीच्या मुलांपुढे ठेवला आणि सरकी बोटांनी काढायला सांगितली. दोन तासिका त्यातच गेल्या. वजन केले तेव्हा रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, जेमतेम ३४० ग्रॅम भरली, बाकी सारी सरकी. मग रुईची १७० किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो, हे गणित मुलांनी आपणहून मांडले. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, हे मात्र वर्गात त्या एकाच मुलीला ठाऊक होते, कारण तिची आई वेचणीला जाते. एरवी गप्प बसणारी ती मुलगी त्या दिवशी सर्वांना समजावून सांगत होती.

टकळीवर सूत काढताना धागा वारंवार तुटला, तेव्हा लांब धाग्याच्या, म्हणजे लांब तंतूंच्या, कापसाला भाव जास्त का, हे निराळे सांगावे लागले नाही. जुन्या कापडातील ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, उसवून दाखवला, मागावर घर्षण सोसणाऱ्या ताण्याला खळ का देतात ते सांगितले. सुती आणि पॉलिस्टरचा एकेक धागा मी स्वतः जाळून दाखवला: सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास आला व राख उरली, पॉलिस्टर आक्रसून त्याचा कडक मणी झाला.

जिनिंगचा, म्हणजे यंत्राने सरकी काढण्याचा, हंगाम हिवाळ्यात ऐन भरात असतो. मुख्याध्यापकांनी त्याच दिवसांत नववीची एक सहल मालेगाव परिसरातील जिनिंग व यंत्रमाग पाहण्यासाठी राखून ठेवावी, आणि तेथील कारखानदारांनी मुलांसाठी एक सकाळ द्यावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक