परत कॉल करशील ना

चिऊ,

काल फोन मधेच ठेवलास. ठीके, माझाही आवाज चढला होता. "रात्री उगाच उठवलं म्हणून डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले, आता मी नाही करणार कॉल" हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. लेक्चर देणार नाही असं आईला कबूल केलंय.

पण उगाच कसं गं? ऑपरेशनचा पेशंट, अस्वस्थ, सारखा मास्क काढतोय, श्वास मिनिटाला २६. बीपी चांगलं होतं, मान्य, पण बीपी बऱ्याचदा सगळ्यात शेवटी पडतं, श्वास आधी वाढतो. आणि ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन ९७ दिसतंय यावर किती विसंबायचं? मोठ्या माणसाचा श्वास १२ ते २० धरतो आपण, २५ झाला की न्यूजच्या, म्हणजे पेशंट बिघडतोय का ते पॉइंटांनी बघायच्या चार्टवर एकट्या श्वासाचेच ३ पॉइंट पडतात. कित्येक चार्टवर आख्ख्या वॉर्डाला न मोजता १८ नाहीतर २० लिहिलेलं बघितलंय मी. तू पूर्ण मिनिट मोजलास. हॉस्पिटलात ब्रदर म्हणून नोकरी केलेल्या बापाला याचं काय वाटलं ते फोनवर सांगायचं राहूनच गेलं.

फक्त फोनवर "पेशंट बरा वाटत नाहीये" एवढंच म्हणाली असशील तर झोपेतल्या माणसाला काय कळणार? कुठलं ऑपरेशन, कधी झालं, श्वास आधी किती होता आता किती, लघवी किती झाली, आणि मग सरळ सांगायचं, तुम्ही येऊन बघा. कॉलची वेळ नोट्समध्ये टाकायची. नाही आले तर सिनियर सिस्टर, मग त्यांच्या वरचे. झालं बघ सुरू माझं. सॉरी.

अण्णांच्या वेळचं आठवतं? शाळेतून आलीस आणि म्हणालीस, आजोबा मला आत्याच्या नावाने हाक मारतायत. आत्या म्हणाली वय झालं, व्हायचंच. ताप नव्हता, खोकला नव्हता. तू ऐकेनास, काल तर माझंच नाव घेत होते म्हणून रडायलाच लागलीस. तपासलं तर लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलेलं. म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असं नाही, कधीकधी आधी डोकंच गोंधळतं, हे तू कॉलेजात नंतर शिकलीस. तेव्हा एवढंच कळलं होतं की कालचे आजोबा हे नाहीत. डॉक्टर राउंडला पाच मिनिटं असतात, बेडपाशी रात्रभर तू असतेस, मग असला फरक तुलाच आधी दिसणार ना.

मला भीती त्या पेशंटची नाही, तुझी वाटते. ओरडा खाऊन गप्प झालेल्या चांगल्या चांगल्या सिस्टर पाहिल्यात, मग आकडा लिहायचा नि पुढच्या बेडला जायचं. काही कॉल फुकट जाणारच गं, जाऊ देत.

त्या पेशंटचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीस. झोपून उठलीस की फोन कर, आईला नको, मला. आणि खरं सांग, ते परत ओरडले तरी कॉल करशील ना?

बाबा