‘म्हणजे लॅब टेक्निशियन का?’

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोनच प्रश्न : नीटला किती, सीईटीला किती? भाचीला जीवशास्त्राइतकाच कोडिंगचाही नाद, म्हणून तिने बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे संगणकाच्या मदतीने जीवशास्त्रातील माहिती तपासण्याचे शास्त्र, घेतले. नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे लॅब टेक्निशियन का?’ परवा तिने लॅपटॉपवर करोना विषाणूचा जनुकसंच दाखवला : जनुकांतील चार रासायनिक घटकांसाठी लिहिलेली ए, सी, जी, टी अशी सुमारे ३० हजार अक्षरे. दोन नमुने एकाखाली एक लावले की कुठले अक्षर बदलले ते दिसते. नवा उपप्रकार ओळखतात तो असाच. माणसाची अक्षरे तर ३०० कोटी! पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९८७पासून आहे, हे मलाही आताच कळले. नुसत्या पदवीवर नोकरी अवघडच. एमएस्सी हवी, पायथॉन ही कोडिंगची भाषा हवी, संख्याशास्त्र हवे. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच हे सांगावे.

– एक वाचक, सांगली