थोडा हिस्सा राखण्याचा अट्टहास नको

महोदय,

अलायन्स एअर या सरकारी विमान कंपनीत खासगी भांडवल यावे, पण काही हिस्सा सरकारकडे राहावा, ही सूचना वरकरणी समंजस वाटते. मात्र २०१८ मध्ये एअर इंडियाचे ७६ टक्के समभाग विक्रीस काढून सरकारने २४ टक्के राखले, तेव्हा मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. कर्जाचा बोजा होताच, शिवाय सरकारी हस्तक्षेप सुटेल याची खात्री कोणालाही वाटली नसावी. संपूर्ण मालकी देऊ केल्यावर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारली गेली, त्यात रोख रक्कम अवघी २,७०० कोटी, बाकी कर्जाची जबाबदारी. एअर इंडियाची तेव्हाची उपकंपनी अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. आखूड धावपट्ट्यांवर उतरणारी तिची एटीआर ही छोटी पंख्याची विमाने लहान शहरांना जोडतात. तिच्यात खासगी गुंतवणूक आणताना या मार्गांची हमी करारातच लिहून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक