सकाळच्या पहिल्या फेरीत ब्रेक तापतात : दोन इलेक्ट्रिक टिपर आणि एका हायब्रिड ट्रेलरबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग
अवजड वाहने : विक्री व सेवा

विषय : गाड्या विकताना दिलेली अपुरी व चुकीची माहिती, उतारावर ब्रेक तापण्याचा धोका आणि त्यावर आजवर न झालेली कारवाई.

संदर्भ : सर्व्हिस सेंटरला दिलेल्या ३ लेखी तक्रारी. तिन्हींवर ‘काम पूर्ण’ असा शेरा मारला आहे.

महोदय,

आपल्या गाड्या वाईट आहेत असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सर्व्हिस सेंटरला फोन केला की पहिल्या वाक्यालाच ‘साहेब, इलेक्ट्रिकची सवय व्हायला वेळ लागतो’ हे उत्तर येतं. सवय झालेली आहे. दोन्ही टिपर अकरा महिने रोज चालत आहेत आणि माझे ड्रायव्हर आता डिझेलच्या टिपरवर बसायला कुरकुरतात. माझी तक्रार वेगळी आहे. गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार, भरून वर जाणार की भरून खाली उतरणार, रात्री कुठे उभी राहणार, यातलं काहीही न विचारता आपण ती विकलीत. त्यामुळे जे बिघडलं, ते आता ड्रायव्हरच्या नावावर टाकलं जात आहे.

आमचं काम असं : खाण वर, क्रशर खाली. मधे साडेसहा किलोमीटरचा रस्ता आणि साधारण ३०० मीटरचा उतार. माल भरून खाली यायचं, रिकामं वर जायचं. इलेक्ट्रिक गाडीला यापेक्षा सोयीचं काम शोधून सापडणार नाही, हे मलाही मान्य आहे. आपल्या विक्री प्रतिनिधीने स्वित्झर्लंडच्या खाणीतल्या त्या गाजलेल्या डंपरचं उदाहरण दिलं होतं. रिकामा डंपर ४५ टनांचा, ६५ टन माल घेऊन खाली येतो आणि येताना बॅटरीत इतकी वीज भरतो की वर जायला तीच बरीचशी पुरते. उदाहरण खरं आहे. फक्त ते ऐकवणाऱ्याने एक गोष्ट सांगितली नाही. खाली येताना वीज भरायची, तर बॅटरीत तेवढी जागा रिकामी असायला हवी.

गाड्या रात्री वरच उभ्या असतात म्हणून चार्जर वरच बसवा, असा सल्ला जागा बघायला आलेल्या आपल्याच माणसाने दिला. आम्ही तसं केलं. रात्री चार्जरची गन लावायची, सकाळी सहाला काढायची. बॅटरी १०० टक्के भरलेली.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. एरवी या गाडीचं एक सुख आहे. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की कुणीतरी मागून धरून ठेवावं तशी ती आवरते आणि स्क्रीनवरचा काटा हिरव्या पट्ट्यात जातो, म्हणजे मोटर वीज बनवून बॅटरीत भरू लागते. त्या सकाळी पाय उचलला, काटा जागचा हलला नाही. कोपऱ्यात बॅटरीचं एक पिवळं चिन्ह उमटलं आणि ३५ टनांची गाडी उताराला सुटली. ड्रायव्हर जुना आहे, घाबरला नाही. ब्रेक दाबत, सोडत, दाबत खाली आणली. चौथ्या वळणाला केबिनमध्ये ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला. खाली पोचलो तेव्हा मागच्या डाव्या ड्रमातून बारीक धूर निघत होता. उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, “डिझेलच्या गाडीत निदान गिअर तरी पाडला असता.”

या वाक्यावर आपल्या अभियंत्यांनी विचार करावा. डिझेलच्या गाडीत खालचा गिअर असतो, इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो, काहींना रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता वेग आवरणारं यंत्र असतं. टाकी भरलेली असो वा रिकामी, इंजिन गाडीला तेवढंच धरतं. माझ्या टिपरमध्ये हे सगळं काम एकटी मोटर करते आणि बॅटरी काठोकाठ भरली की मोटर हात वर करते.

हिशोब साधा आहे. ३५ टन वजन ३०० मीटर खाली उतरतं तेव्हा सुमारे २८ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही टायर आणि कच्चा रस्ता खाऊन टाकतात. उरलेली एरवी मोटरमार्फत बॅटरीत जाते. बॅटरी घेत नसेल, तर ती सगळी चाकांच्या ड्रमांत आणि लायनरमध्ये उष्णता होऊन बसते. नऊ-दहा वळणांच्या रस्त्यावर दहा मिनिटांत. त्यात थंडीची भर वेगळी. गारठलेल्या लिथियम बॅटरीला जोराने चार्ज केलं तर तिची कायमची हानी होते, म्हणून प्रणाली आपणहून चार्जिंग कमी करते. ते योग्यच आहे. पण म्हणजे थंडीच्या सकाळी बॅटरी ९० टक्क्यांवर असली तरी पहिल्या उताराला गाडी नीट आवरत नाही.

मोटरने गाडी आवरून वीज परत बॅटरीत भरण्याला आपण रिजनरेशन म्हणता. आपल्या पुस्तिकेत याबद्दल एकच वाक्य सापडलं : ‘विशिष्ट परिस्थितीत रिजनरेशन मर्यादित असू शकते.’ ही विशिष्ट परिस्थिती म्हणजे माझी रोजची सकाळ आहे.

सर्व्हिस सेंटरने काय केलं तेही लिहितो. पहिल्या तक्रारीनंतर लायनर बदलले आणि ‘ड्रायव्हर ब्रेक जास्त वापरतो’ असं जॉब कार्डवर लिहिलं. दुसऱ्या तक्रारीनंतर पुन्हा लायनर. तिसऱ्या वेळी एक तंत्रज्ञ दुपारी अडीचला आला. तोवर गाडीच्या सहा फेऱ्या झाल्या होत्या, बॅटरीत भरपूर जागा होती. गाडी अर्थातच छान आवरली. त्याने मला स्क्रीनवरचा हिरवा पट्टा दाखवला, सही घेतली आणि गेला.

सध्या आम्ही काय करतो, ऐका. पहाटे चारला आमचा वॉचमन उठतो, दोन्ही गाड्यांच्या स्क्रीनवर ८५ चा आकडा बघतो आणि गन काढतो. त्याला झोप लागली, की त्या दिवशी पहिली फेरी अर्धा माल भरून, पायी चालल्यासारखी खाली आणायची. बऱ्याच इलेक्ट्रिक कारमध्ये मालकाला स्वतः चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. माझ्या टिपरमध्येही ती सोय आहे म्हणे, पण ती फक्त सर्व्हिस सेंटरच्या लॉगिनने उघडते आणि ‘कंपनीची परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं. परवानगी कशाची हवी आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

जास्तीची वीज टाकायला जागा करता येत नाही, असंही नाही. खाणीतले मोठे डिझेल-इलेक्ट्रिक डंपर आणि रेल्वेची डिझेल इंजिनं उतारावर ही वीज रोधकांच्या (विजेची उष्णता करणाऱ्या तारांच्या) जाळीत सोडतात आणि पंख्याने उष्णता बाहेर फेकतात. वीज वाया जाते, पण ब्रेक वाचतात. माझ्या गाडीला असा रोधक पर्याय म्हणूनही सुचवला गेला नाही. उतारावरची खाण आहे हे जागा बघायला आलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता हायब्रिड ट्रेलरबद्दल. ही तक्रार धोक्याची नाही, पैशाची आहे.

डिझेल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली ही गाडी मी लांब पल्ल्यासाठी घेतली. जाऊन-येऊन ६०० किलोमीटर, बहुतेक सपाट महामार्ग, एका वेगाने. शोरूममध्ये सांगितलं गेलं की डिझेल २० टक्क्यांनी तरी वाचेल. पहिल्या चार महिन्यांच्या टाकी-टू-टाकी नोंदी माझ्याकडे आहेत. त्याच रस्त्यावरच्या जुन्या डिझेल ट्रेलरपेक्षा फरक ३ टक्क्यांच्या आत आहे आणि काही फेऱ्यांत तोही नाही. कारण समजायला मला वेळ लागला, आपल्या प्रतिनिधीला लागायला नको होता. हायब्रिड वाचवते ती ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा. जिथे दर २०० मीटरला थांबायचं असतं, म्हणजे शहरातली बस, कचऱ्याची गाडी, घरोघर माल टाकणारा ट्रक, तिथे ती आपली किंमत वसूल करते. महामार्गावर एका वेगाने जाणाऱ्या ट्रेलरला दोन-दोन तास ब्रेकच लागत नाही. परत मिळवायला काही नसतंच. डिझेल इंजिनही त्या वेगाला आपल्या सोयीच्या पट्ट्यात, चाळीस-बेचाळीस टक्के कार्यक्षमतेने चालत असतं. उरतं काय, तर बॅटरी आणि मोटरचं जास्तीचं वजन. ते मी रोज ६०० किलोमीटर फुकट फिरवतो आणि तेवढा माल कमी भरतो.

हे सगळं मी बोलून दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं, “साहेब, रेल्वेची इंजिनं शंभर वर्षं हेच तंत्र वापरतायत.” डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं १९२५ पासून धंद्यात आहेत, बरोबर. पण त्यांच्यात ऊर्जा साठवायला बॅटरी नसते. तिथे जनरेटर आणि मोटर हे गिअरबॉक्सच्या जागी बसवलेले असतात, कारण हजारो टनांची गाडी जागची हलवायची तर एवढ्या ताकदीला क्लच आणि गिअर टिकत नाहीत. डिझेल वाचवण्यासाठी केलेली ती सोय नव्हे. वाहनं विकणाऱ्या माणसाला हा फरक माहीत नसेल, तर त्याने निदान उदाहरण देऊ नये.

आता आपल्याकडून प्रस्ताव आला आहे की हायब्रिड परत देऊन त्याच मार्गासाठी पूर्ण इलेक्ट्रिक ट्रेलर घ्यावा. यावेळी आकडेमोड मी आधीच केली. ४० टनांचा भरलेला ट्रेलर किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट खातो. ६०० किलोमीटरला ८०० युनिट धरा. आजच्या बॅटरी पॅकमध्ये किलोमागे १६०-१७० वॉट-तास बसतात, म्हणजे पाच टनांच्या आसपास नुसती बॅटरी. तेवढ्याच कामाला २०० लिटर डिझेल लागतं, त्याचं वजन १७० किलो भरतं. मोटर आणि इंजिन यांच्या वजनातला फरक वजा केला, तरी काही टन भाडं रोज गेलं. युरोपात शून्य-उत्सर्जन ट्रकला याच कारणासाठी एकूण वजनात २ टनांपर्यंत जादा सूट दिली आहे. आमच्या परवान्यात तशी सूट नाही, हेही कुणी विचारलं नाही.

बॅटरी छोटी घेऊन वाटेत चार्ज करा, असा सल्लाही मिळाला. ३५० किलोवॉटच्या चार्जरवर ४०० युनिट भरायला सव्वा तास तरी लागतो, आणि तोही चार्जर रिकामा मिळाला तर. नव्या मेगावॉट चार्जिंगचं मानक ३.७५ मेगावॉटपर्यंत जातं. त्यातली एक मेगावॉट जरी वाटेत मिळाली, तर ड्रायव्हरच्या जेवणाच्या सुट्टीत काम होईल आणि मी त्याच दिवशी ऑर्डर देईन. माझ्या मार्गावर तसला चार्जर एकही नाही. होईल तेव्हा बोलू.

मला काय हवं आहे ते सांगतो. दोन्ही टिपरमध्ये चार्जिंगची मर्यादा ठरवायची सोय मालकाच्या हाती द्या. हे काम सॉफ्टवेअरचं आहे, पंधरा दिवसांच्या पुढे ते जाऊ नये. बॅटरी घेत नसताना गाडी आवरणार नाही, ही सूचना पिवळ्या चिन्हापुरती न ठेवता आवाजासह आणि शब्दांत, गाडी निघण्याआधी मिळाली पाहिजे. रोधक किंवा रिटार्डर बसवता येतो का, याचं लेखी उत्तर द्या. ‘नाही’ असेल तर तसं लिहा, फोनवर नको. दोन वेळा बदललेल्या लायनरचा खर्च परत हवा आणि जॉब कार्डवरचा ड्रायव्हरबद्दलचा शेरा खोडून हवा. पैशांपेक्षा त्या शेऱ्याचा मला जास्त राग आहे, कारण त्या माणसाच्या पायामुळेच गाडी दरीत गेली नाही.

हायब्रिडचं म्हणाल, तर ती फेकून द्यावी इतकी वाईट नाही. माझ्या ओळखीत शहरात माल वाटणारे लोक आहेत, त्यांच्या हाती ती शोभेल. आपण ती योग्य मूल्याने परत घ्या, किंवा बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाच्या नावे करून द्या म्हणजे मीच विकतो. सध्याच्या अटींत वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच आहे आणि ही ओळ मला सहीनंतर दाखवली गेली.

सोबत टाकीच्या नोंदी, तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती आणि त्या सकाळच्या स्क्रीनचा फोटो जोडला आहे. फोटोत १०० टक्के, पिवळं चिन्ह आणि वेळ, तिन्ही स्पष्ट दिसतात.

चौथ्यांदा तंत्रज्ञ पाठवणार असाल, तर त्याला सकाळी सहाच्या आत वर पोचायला सांगा. त्या दिवशी आम्ही गन रात्रभर काढणार नाही, आणि त्याने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून खाली यावं.

आपला,
दोन टिपर व एका ट्रेलरचा मालक