पगाराच्या प्रवेशाबद्दल

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या गिरणकामगारांवरच्या तुझ्या नाटकाचा खर्डा वाचला. संवाद फक्कड जमलेत, पण पहिल्या अंकातला पगाराचा प्रवेश बदलावा लागेल. तुझा विणकर १९२७ च्या मे महिन्यात एक तारखेला पन्नास रुपये आणतो आणि बायकोच्या हातावर ठेवतो. परळ-लालबागात असं घडत नसे. दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्याची कमाई महिना चाळीस-पन्नासच्या घरात जाई, हे खरं. साइडवाल्याची, म्हणजे सूत कातणाऱ्या रिंग यंत्राची एक बाजू सांभाळणाऱ्याची, साधारण निम्मी. पण पगार किती यापेक्षा तो हातात कधी पडतो आणि वाटेत कुठेकुठे कातरला जातो, यावर घर चाले.

एप्रिलचा पगार मेच्या दहा-पंधरा तारखेच्या सुमारास होई. म्हणजे रत्नागिरीहून नवा आलेला गडी जवळजवळ दीड महिना बिनपैशाचा. तोवर खानावळ उधारीवर, वाणी उधारीवर, आणि अडलंच तर पठाण सावकार. रुपयाला महिना एक आणा व्याज सर्रास होतं. वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५! तुझा खलनायक मॅनेजर आहे, तो राहू दे. पण पगाराच्या दिवशी कामगाराची नजर दरवाजाबाहेर उभ्या असलेल्या पठाणाला चुकवत असते, हे विसरू नकोस.

आता कातर. कित्येक गिरण्यांत एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापत. मुकादमाची दस्तुरी, म्हणजे लाच, वेगळी, ती कुठल्याच वहीत नाही. भरती त्याच्या हातात, बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागचं काम, कोणाला द्यायची तेही तोच ठरवणार. कधी सावकारही तोच, कधी खोलीचा मालकही तोच. त्याला नुसता शिवीगाळ करणारा रंगवू नकोस. अडीनडीला कामगार त्याच्याकडेच जाई, आणि तिथेच अडके.

सगळ्यात अन्यायाची कातर खराब कापडाची. विणकराला पैसे कापडावर मिळत, तासावर नव्हे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला आणि वेळेत दिसला नाही, तर कापडात लांबच लांब रेघ पडते. आडव्या धाग्याची कांडी संपली आणि साचा एक फेरा रिकामा चालला, तर आडवी फट. वर तेलाचे डाग. बरं, धागा तुटतो कशाने? बहुतेकदा मालकाने हलका कापूस मिसळला म्हणून, नाहीतर खात्यातली हवा कोरडी पडली म्हणून. त्यासाठीच खिडक्या बंद ठेवून आत वाफ सोडत, आणि माणसं घामाने भिजून जात. दोष कापसाचा, पण ते कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करत. तेव्हा तुझा नायक घरी येताना काखेत डागी कापडाचं भेंडोळं आणू दे. ते तो पडत्या भावाने विकणार आहे.

नायक दलित दाखवलायस आणि साच्यावर उभा केलायस. इथे तर संहिताच अडते. कांडी बदलण्याची रीत अशी: साचा थांबवायचा, कांडी वाहून नेणारा धोटा काढायचा, रिकामी कांडी उपसून भरलेली बसवायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासाने धागा ओढून घ्यायचा. धाग्याबरोबर कापसाचा भुगाही तोंडात जाई. तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागतो, म्हणून सवर्ण विणकर दलितांना विणकामाच्या खात्यात येऊ देत नसत. ते रिंगवर राहिले, कमी पगारात. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न लावून धरला. तुझ्या नायकाला रिंगवर ने, आणि साच्याची नोकरी त्याला नाकारली जाताना दाखव. नाटक तिथे आहे. भेंडोळं मग शेजाऱ्याच्या काखेत दे.

वरळीची बीडीडी चाळ माणसांनी गच्च भरलेली दाखवलीस, तीही १९२७ साठी चूक. कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून सरकारने त्या बांधल्या खऱ्या, पण भाडं परवडेना आणि गिरणी लांब, म्हणून पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. गर्दी होती ती लालबाग-डिलाईल रोडच्या खासगी चाळींत, जिथे एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं किंवा गावकऱ्यांचा अख्खा जथा राही.

बायकोला घरी बसवू नकोस. ती वाइंडिंग किंवा रिळिंगला, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात, जाईल, नाईकिणीच्या, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीच्या, हाताखाली. तान्हं रडू नये म्हणून त्याला बाळागोळी, म्हणजे अफू, देऊन जाईल. बालमृत्यूचा आकडा घालायचाच असेल तर जपून. १९२१ मध्ये एका खोलीच्या बिऱ्हाडांत हजार जन्मांमागे ८२८ मृत्यू नोंदले गेले. बायका बाळंतपणाला गावी जात, ते जन्म मुंबईच्या वहीत येत नसत, म्हणून आकडा इतका फुगलेला दिसतो. तरी खरा आकडा भयंकरच असणार.

दुसऱ्या अंकातला संप एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा बरोबर धरलायस. फक्त 'तीन साचे नको' ही घोषणा विणकरांच्या तोंडी दे. दोनाऐवजी तीन साचे म्हणजे तिसऱ्या माणसाची रोजी गेली, हे त्यांना हिशेबाने कळत होतं. रिंगवाल्यांवर डबल साइडचा बोजा येत होता, त्यांची तक्रार त्या अंगाने लिही.

दुरुस्त प्रवेश झाला की पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर