सांधा दिसू दे

ठाणे,
श्रावणातला रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तर का लांबलं ते तू ओळखलं असशीलच. ती बया, मी दुरुस्तीला काढलेली जुनी गाडी, अजून उघड्या पत्र्यावरच आहे, रंगाचं नाव काढू नकोस.

वागळे इस्टेटच्या शेडमध्ये आली तेव्हा लालभडक होती आणि इतकी गुळगुळीत, की मला तिथेच शंका यायला हवी होती. ऑस्टिन-हीली १००, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. डोनाल्ड हीलीने १९५२ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडली आणि ऑस्टिन कंपनीचा प्रमुख लेनर्ड लॉर्डने लगेच उचलली, तीच ही. बॉडी वेस्ट ब्रॉमविचला जेन्सन कंपनीकडे बनायची, इंजिन ऑस्टिनचं, २६६० सीसी. तुला इंजिनाबद्दल ऐकायचं असणार, पण ते निमूट चालतंय. मला छळतोय तो मडगार्डचा सांधा.

पहिल्या दिवशी मी घरून फ्रिजवरचा मोदकाचा चुंबक खिशात टाकून गेलो. मडगार्डवर टच्चकन बसला. नाकाच्या पत्र्यावर ठेवला, तर टपकन खाली. मिस्त्री म्हणाले, "काका, पुढचं सगळं लांबीचंच, पुट्टीचंच केलंय, फसलात तुम्ही." पोटात गोळाच आला. मग टिचकी मारून बघितली. लांबी बद्द वाजते, हे खणखणत होतं. अ‍ॅल्युमिनियम! या गाडीचा पुढचा आणि मागचा मोठा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आणि चारही मडगार्ड पोलादी, हे मी वाचलं होतं, पण ऐन वेळी डोक्यातून गेलं. मिस्त्रींसमोर जरा भाव खाल्ला, तेवढ्यात चुंबक परत घसरला. या वेळी मडगार्डवरच, सांध्यालगत दोन बोटं रुंदीत. तिथे मात्र लांबीच होती.

पटाशीने खरवडायला घेतलं. लाल, त्याखाली पांढरा, त्याखाली कुठेकुठे फिकट निळा, आणि मग वीतभर लांबीचा तुकडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. आत बघतो तर सांध्याच्या एका कडेला रांगोळी सांडल्यासारखी पांढरी भुकटी आणि दुसऱ्या कडेला गेरू. आयटीआयत सरांनी लिंबात तांब्याची पट्टी आणि खिळा खोचून दिवा लावायचा खटाटोप केला होता, आठवतं? तोच प्रकार. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, की बॅटरी तयार. झीज होते अ‍ॅल्युमिनियमची. आपल्या खाडीची हवा तर तुला माहीत आहे, खिडकीचे गजसुद्धा तीन पावसाळे काढत नाहीत. वरून लांबी, ती स्पंजासारखी पाणी धरून बसते.

मुळात तिथे लांबी नव्हतीच. मडगार्ड बोल्टने बसवलेला, आणि दोन पत्र्यांच्या दुमडलेल्या कडांमध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची बीडिंग दाबलेली. टीची दांडी आत, डोकं बाहेर, पँटच्या कडेला पायपिंग असते तसं. बॉडीचं डिझाइन करणाऱ्या जेरी कोकरने सांधा लपवला नव्हता, त्याचीच रेघ केली होती. मधे कुणातरी हौशी माणसाने बीडिंग काढून फेकली आणि सगळं एकजीव केलं. एकजीव राहणार कसं? मीटरभर पत्रा ४० अंशांनी तापला, तर अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ १ मिलिमीटर वाढतं आणि पोलाद त्याच्या निम्मं. लांबी तडकणारच.

हे मिस्त्रींना पटवायला आठवडा गेला. "सांधा दिसला की लोक म्हणतात काम कच्चं आहे." त्यांचं चुकतं असंही नाही. तीस वर्षं त्यांनी सांधे गायब करूनच नाव कमावलंय. शेवटी बॉनेट उलटं केलं, तर रंगाखाली ठोकलेला बॉडी नंबर निघाला. तोच नंबर कॉकपिटच्या कडेच्या पट्टीमागे. म्हणजे या पट्ट्या याच गाडीवर कानशीने घासून बसवलेल्या, दुसरीच्या हिला लागायच्या नाहीत. मिस्त्री बराच वेळ त्या आकड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बीडिंग कुठून मागवायची?"

आता मडगार्ड उतरवलेत. अ‍ॅल्युमिनियमची खाल्लेली कड कापून आर्गन वेल्डिंगने नवी पट्टी जोडली. दोन्ही कडांना वेगवेगळा इपॉक्सी प्रायमर, मध्ये सीलंट, मग बीडिंग, मग बोल्ट.

एक गाढवपणा माझाही. दाराखालचा सडलेला पत्रा कापताना दाराच्या चौकटीत आडवी पट्टी डागून घेतली नाही. या गाडीची बॉडी चासीलाच, खालच्या सांगाड्यालाच वेल्ड केलेली. आधार सुटला आणि चौकट ३ मिलिमीटर मिटली. दार बसेना. बाजूने जाणारी ती पत्र्यातली धार मडगार्डवर एकीकडे, दारावर दुसरीकडे. जॅक लावून दोन दिवसांत परत उघडली. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत, फक्त चहा मागवला. तू असतास तर कानाखाली वाजवली असतीस.

गणपतीआधी ये. तुझी ती केळ्याच्या आकाराची डॉली, पत्रा ठोकताना मागे धरायचा तो लोखंडी ठोकळा, घेऊन ये, डाव्या मडगार्डच्या कडेला आतून दुसरं काही पोचत नाही. आणि चष्मा दूरचा नको, जवळचा आण.

तुझा,
बाकावरचा सोबती