पार्किंगच्या जागेत माणसांनाही बसू द्या

सॅन फ्रान्सिस्कोत २००५ साली काही जणांनी पार्किंग मीटरमध्ये नाणी टाकली आणि त्या जागेत गाडीऐवजी हिरवळ, बाक अन् एक झाड मांडून लोकांना दोन तास बसायला दिले. आता अनेक देशांत सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी 'पार्किंग डे' होतो. जळगावात नवी पेठेत का नको? खरेदीला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुकानाच्या पायरीशिवाय टेकायला जागा नाही. एका चारचाकीच्या जागेत सतरंजी, कुंडीतली केळीची रोपे, कॅरमबोर्ड आणि पाण्याचा माठ आरामात मावतात. महापालिका व वाहतूक शाखेची परवानगी मात्र आधी घ्यावी. नाहीतर टोइंगवाले सतरंजीही उचलून नेतील! गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदार कुरकुरतील, त्यांनाच पहिल्या डावाला बसवावे.

– एक वाचक, जळगाव